ब्रिस्टलचे पक्षीय बलाबल आणि तीन 'मेयर'

मा. संपादक,
स. न.

इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुकांच्या बातम्या मराठीत येतात तेव्हा 'अमुक शहरात तमुक पक्षाची सत्ता' आणि 'महापौर म्हणाले' एवढ्यावर काम भागवले जाते. ब्रिस्टल शहरापुरते बोलायचे तर या दोन्ही शब्दांनी वाचकाची दिशाभूल होते. आपल्याकडे थेट निवडून येणाऱ्या महापौराची चर्चा अधूनमधून उठते आणि त्या चर्चेत इंग्लंडचा दाखला हमखास दिला जातो. म्हणून हे पत्र जरा तपशिलात लिहीत आहे.

आधी 'मेयर' या शब्दाचा घोळ. ब्रिस्टलमध्ये गेल्या काही वर्षांत या नावाची तीन वेगवेगळी पदे होती. पहिला लॉर्ड मेयर. हा किताब १८९९ पासूनचा आहे. नगरसेवक दरवर्षी आपल्यातून त्याची निवड करतात. तो सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान भूषवतो आणि समारंभांना जातो, पण कारभाराचे निर्णय त्याच्याकडे नसतात. आपल्या महापौराशी सर्वांत जवळचे पद हेच. दुसरा मेयर मतदारांनी थेट निवडलेला. हे पद नोव्हेंबर २०१२ ते मे २०२४ एवढेच टिकले, पण त्या काळात शहराची कार्यकारी सत्ता त्याच्या हाती होती. तिसरा वेस्ट ऑफ इंग्लंड संयुक्त प्राधिकरणाचा मेयर. हे पद २०१७ पासून आहे. त्याच्या क्षेत्रात ब्रिस्टलसह साउथ ग्लॉस्टरशायर आणि बाथ अँड नॉर्थ ईस्ट सॉमरसेट ही दोन कौन्सिलेही येतात. प्रादेशिक वाहतूक आणि कौशल्य प्रशिक्षण हे विषय त्याच्याकडे. मे २०२५ मध्ये लेबरच्या हेलन गॉडविन या पदावर निवडून आल्या, त्या ब्रिस्टल शहराच्या महापौर झाल्या नाहीत. तिघांनाही 'महापौर' म्हटले की कोणत्या निर्णयाचा जाब कोणाला विचारायचा, हेच वाचकाला कळेनासे होते.

शहराचा इतिहास या घोळाहून बराच सरळ आहे. ऑगस्ट १३७३ मध्ये तिसऱ्या एडवर्ड राजाने सनद देऊन ब्रिस्टलला स्वतंत्र काउंटीचा, म्हणजे स्वतःचा कारभार असलेल्या प्रशासकीय विभागाचा दर्जा दिला. त्यासाठी नगरवासीयांनी ६०० मार्क मोजले. पुढे शेकडो वर्षे कारभार मूठभर व्यापारी घराण्यांच्या हाती राहिला, कारण जागा रिकामी झाली की उरलेले सदस्यच नवा सदस्य नेमत. ऑक्टोबर १८३१ मध्ये संसदीय सुधारणांच्या प्रश्नावर शहरात तीन दिवस दंगल झाली. क्वीन स्क्वेअर जळाला, मेयरचे निवासस्थानही जळाले. १८३५ च्या म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स कायद्याने आपापल्यात सदस्य नेमण्याची ही पद्धत मोडली आणि करदात्यांनी निवडलेले कौन्सिल आले. तेव्हापासून २००० सालच्या कायद्यापर्यंत कारभार समित्यांमधूनच चाले. आज ब्रिस्टलमध्ये समित्या आहेत त्या नव्या प्रयोग म्हणून आलेल्या नाहीत. ती जुनीच रीत परत आलेली आहे.

पक्षांची मांडणी मात्र वारंवार बदलली. दोन महायुद्धांच्या दरम्यान लेबरला रोखण्यासाठी कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल मंडळी 'सिटिझन पार्टी' या नावाखाली एकत्र लढत. लेबरने त्यांच्याकडून प्रथम सत्ता घेतली ती १९३७ मध्ये. पुढची अनेक दशके लेबरचे वर्चस्व राहिले आणि २००९ मध्ये लिबरल डेमोक्रॅट बहुमतात आले. मधल्या काळात, १९७४ ते १९९६, ब्रिस्टल एव्हन नावाच्या काउंटीखालचा एक जिल्हा होता. शाळा, रस्ते, समाजसेवा ही खाती त्या वर्षांत काउंटीकडे होती. १ एप्रिल १९९६ ला एव्हन रद्द झाली आणि सगळी खाती शहराकडे परतली. १९७४ ते १९९६ या काळातली ब्रिस्टलची आकडेवारी आजच्या आकड्यांशी ताडून पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. ३ मे २०१२ रोजी इंग्लंडमधल्या १० मोठ्या शहरांत सार्वमत झाले, की मेयर थेट निवडायचा का. बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लीड्स, शेफील्ड अशा नऊ शहरांनी नकार दिला. एकट्या ब्रिस्टलने होकार दिला, तोही सुमारे ५३ टक्के मतांनी. मतदान होते अवघे २४ टक्के. नोव्हेंबरमध्ये वास्तुविशारद जॉर्ज फर्ग्युसन अपक्ष म्हणून निवडून आले. २०१६ मध्ये लेबरचे मार्विन रीस यांनी त्यांचा पराभव केला. २०२० ची निवडणूक कोविडमुळे वर्षभर पुढे गेली आणि २०२१ मध्ये रीस पुन्हा निवडून आले.

त्या निवडणुकीतले बलाबल नीट पाहावे. नगरसेवकांच्या ७० जागांपैकी लेबर २४, ग्रीन २४, कॉन्झर्व्हेटिव्ह १४, लिबरल डेमोक्रॅट ८. म्हणजे मेयरच्या पक्षाकडे जेमतेम एक तृतीयांश जागा होत्या. तरी मंत्रिमंडळ कोणाचे असावे हे मेयर ठरवत असे, आणि त्याने मांडलेल्या अंदाजपत्रकात सभेला बदल करायचा झाला तर हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मते लागत. मेयरचे स्वतःचे मत धरून सभा ७१ जणांची. दोन तृतीयांश म्हणजे ४८. बाकीचे तिन्ही पक्ष एकदिलाने उभे राहिले तरी बेरीज ४६. ४६ जणांच्या हाती काही नाही आणि २५ जणांवर कारभार सुरळीत चालतो, असे हे गणित होते. बेकायदा त्यात काही नव्हते. या पद्धतीचा पायाच तसा आहे.

नगरसेवकांची नाराजी याच्याही आधीची. शहराच्या मध्यभागी, टेंपल मीड्स रेल्वे स्थानकाजवळ, मोठे सभागृह बांधायचे की नाही यावर सप्टेंबर २०१८ मध्ये सभेत मतदान झाले. बहुमत मध्यवर्ती जागेच्या बाजूने पडले. ते मत बंधनकारक नव्हते. मेयरने ती योजना रद्द केली आणि सभागृह शहराच्या उत्तर टोकाला, फिल्टनच्या जुन्या विमानतळावर नेण्याचा मार्ग धरला. जागेची निवड बरोबर होती की चूक, यावर आजही दोन मते आहेत. माझा आक्षेप जागेला नाही. निवडून आलेल्या सभेचे मत सल्ल्यापुरते उरते, ही गोष्ट मला गंभीर वाटते.

२०१२ च्या सार्वमताला दहा वर्षे झाली की पद्धत बदलण्याचा मार्ग मोकळा होणार होता. डिसेंबर २०२१ मध्ये सभेने तसा ठराव केला आणि ५ मे २०२२ रोजी मतदारांनी सुमारे ५९ टक्के मतांनी मेयरपद रद्द करून समिती पद्धत, म्हणजे नगरसेवकांच्या समित्यांनी निर्णय घेण्याची रीत, निवडली. मतदान या वेळीही सुमारे २९ टक्केच झाले. निर्णय लगेच अमलात आला नाही. रीस यांनी मुदत पूर्ण केली आणि मे २०२४ पासून नवी घडी बसली.

२ मे २०२४ चा निकाल असा लागला: ग्रीन ३४, लेबर २१, लिबरल डेमोक्रॅट ८, कॉन्झर्व्हेटिव्ह ७. 'ब्रिस्टल ग्रीन पक्षाच्या ताब्यात' हे वाक्य इथे चुकीचे ठरते, कारण बहुमताला ३६ लागतात. ग्रीन सर्वांत मोठा पक्ष, टोनी डायर नेते, पण दोन मते कमी. मेयर पद्धतीत याने फारसे अडले नसते. समिती पद्धतीत प्रत्येक टप्प्यावर अडू शकते.

ते कसे, हे एका समितीवरून दिसेल. आठ धोरण समित्या आहेत: धोरण व संसाधने, प्रौढांची समाजसेवा, मुले व तरुण, अर्थव्यवस्था व कौशल्ये, पर्यावरण, घरे, सार्वजनिक आरोग्य व समुदाय, आणि वाहतूक. १९८९ च्या कायद्यानुसार समितीतल्या जागा सभेतल्या तौलनिक संख्याबळानुसार वाटाव्या लागतात. आपल्या स्थायी समितीलाही हेच तत्त्व लागू आहे. समिती ९ जणांची धरा. ग्रीनचा हिस्सा ३४ भागिले ७० गुणिले ९, म्हणजे ४.३७, म्हणून ४ जागा. लेबर २.७, म्हणून ३. लिबरल डेमोक्रॅट १.०३, म्हणून १. कॉन्झर्व्हेटिव्ह ०.९, म्हणून १. बेरीज बरोबर ९. ग्रीनकडे ४ आणि समोर ५, म्हणजे बाहेरचे एक तरी मत मिळवल्याशिवाय ठराव होत नाही. लिबरल डेमोक्रॅटचा एकटा सदस्य अशा वेळी निर्णायक ठरतो. अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेत जाते आणि ११ मार्चच्या आत कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथला घरांवरचा स्थानिक कर, ठरवावाच लागतो. तिथे ३४ आणि ८ मिळून ४२ होतात, म्हणून लिबरल डेमोक्रॅटांच्या आठ जागांचे मोल त्यांच्या संख्येहून मोठे आहे.

या पद्धतीचे तोटे लपवायचे कारण नाही. निर्णयाला वेळ लागतो. एक विषय दोन समित्यांत विभागला गेला की जबाबदारी कोणाची यावर ओढाताण होते. बाहेरच्या गुंतवणूकदाराला बोलणी कोणाशी करायची हे समजत नाही, आणि मेयर पद्धतीचे समर्थक हाच मुद्दा पुढे करतात. तो खरा आहे. तरीही ७० जणांना निवडून दिल्यावर त्या ७० जणांना काम असावे, या बाजूने मी आहे.

मतदानाच्या रीतीबद्दलही एक खुलासा. ब्रिस्टलमध्ये ३४ प्रभाग आहेत आणि एका प्रभागातून एक, दोन किंवा तीन नगरसेवक येतात. आपल्या बहुसदस्यीय प्रभागाशी याची तुलना करताना काळजी घ्यावी. आपल्याकडे अ, ब, क, ड अशा वेगळ्या जागा असतात, आरक्षण असते आणि प्रत्येक जागेचे मत वेगळे. तिकडे आरक्षण नाही. एकच मतपत्रिका, जितक्या जागा तितक्या फुल्या आणि सर्वाधिक मतांचे पहिले दोन किंवा तीन विजयी. त्यामुळे ज्या प्रभागात एखाद्या पक्षाची लाट असते तिथे सगळ्या जागा त्याच पक्षाला जातात. क्लिफ्टन, कॉथम, ईस्टन अशा मध्यवर्ती वस्त्यांत ग्रीनचा जोर आणि हार्टक्लिफसारख्या कडेच्या कामगार वसाहतींत लेबर, असे चित्र त्यातून ठळक होते.

मेयर निवडण्याची पद्धतही मध्ये बदलली. २०१२ ते २०२१ या काळात मतदाराला पहिली आणि दुसरी पसंती देता येई. २०२२ च्या निवडणूक कायद्याने दुसरी पसंती काढून टाकली. परिणाम असा, की गॉडविन २०२५ मध्ये सुमारे २५ टक्के मतांवर प्रादेशिक मेयर झाल्या. थेट निवडीने मोठा जनादेश मिळतो असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा विचारात घ्यावा.

महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूरला १९९८ मध्ये महापौर परिषद, म्हणजे महापौर आणि काही नगरसेवकांच्या हाती कार्यकारी सत्ता देणारी पद्धत, आली आणि १९९९ मध्ये गेली. नगराध्यक्षाची थेट निवड २०१६ मध्ये आणली, २०२० मध्ये काढली, २०२२ मध्ये पुन्हा आणली. प्रत्येक वेळी निर्णय मंत्रालयात झाला, एकाही शहरातल्या मतदाराला विचारले गेले नाही. ब्रिस्टलमध्ये मेयरपद आणलेही मतदारांनी आणि काढलेही मतदारांनी. अर्थात तिथेही ही मोकळीक कायमची गृहीत धरता येत नाही, कारण जुलै २०२५ मध्ये वेस्टमिन्स्टरला, म्हणजे ब्रिटिश संसदेत, मांडलेल्या विधेयकाचा रोख समित्यांऐवजी सरसकट नेता आणि मंत्रिमंडळ पद्धत (नगरसेवकांनी निवडलेला नेता आणि त्याचे मंत्रिमंडळ) आणण्याकडे होता. आणखी एक फरक आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिकडचा मुख्य अधिकारी कौन्सिलने नेमलेला असतो. आपल्यासारखा आयुक्त राज्य सरकार पाठवत नाही. म्हणून इथे महापौर थेट निवडला आणि आयुक्ताचे अधिकार तसेच ठेवले, तर ब्रिस्टलमधला मेयर आपल्याला मिळणार नाही.

ब्रिस्टल कौन्सिलची पुढची निवडणूक मे २०२८ मध्ये आहे. निकाल छापताना पक्षनिहाय जागांशेजारी एकूण ७० आणि बहुमत ३६ हे दोन आकडे द्यावेत, आणि कौन्सिलच्या प्रमुखाला 'महापौर' न म्हणता 'कौन्सिलचा नेता' म्हणावे, ही विनंती.

आपला,
स्थानिक स्वराज्य संस्थांचा एक अभ्यासक, पुणे