योहानाने शिपायांना सांगितलं ते

प्रिय आई-बाबा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

फोन केला की बाबा "थांब, आईला देतो" म्हणतात, आणि आई जेवलीस का, झोप लागते का एवढं विचारून ठेवून देते. म्हणून लिहायला बसले. आज रविवार, परेड नाही. खोलीतल्या पोट्ट्या दोरीवर कपडे वाळत घालताहेत आणि मी पेटीवर वही ठेवून लिहिते आहे.

आधी कबूल करते, मी खोटं बोलले. "कागद तपासून येते" म्हणून निघाले, पण सही करून पोलीस शिपाई म्हणून इथंच राहायचं हे घरून निघण्याआधीच ठरलं होतं. एसटीत चढवताना आईने पेटी उचलली, तेव्हा वजनावरूनच तिला कळलं असेल. ती काही बोलली नाही. बाबा, तुम्ही तर स्टँडवर आलाच नाहीत. त्याचा राग नाही मला. आला असता तर मी बहुतेक परत फिरले असते, आणि मग जन्मभर तुमच्यावरच चिडत बसले असते.

इथं माझं बरं चाललंय. गादी आहे, पंखा आहे, आंघोळीला पाणी पुरतं. भात फडफडीत असतो, आपल्या बांधीतल्या तांदळाची चव नाही, पण वरणात हिरवा सांबार चिरून घालतात आणि हव्या तेवढ्या पोळ्या मिळतात. पहाटे पळायला काढतात. धुऱ्याधुऱ्यानं पळून शिकलेल्या पोरीला ते जड नाही. पाय दुखले तर आईने दिलेलं तेल चोळते. काळजी करू नका.

आता तो विषय. भरतीत उंची मोजली, 157 सेंटिमीटर भरली. बाईला 155 लागते. हे सांगायला मी धावत घरी आले होते, आणि त्या रात्री तुम्ही मला मॅक्सिमिलियनची गोष्ट सांगितलीत, आजोबांनी धमतरीहून आणलेली. साल 295, उत्तर आफ्रिकेतलं तेवेस्ते, एकवीस वर्षांचा पोरगा. त्याचीही उंची मोजली होती, रोमन मापाने पाच फूट दहा इंच. गळ्यात शिशाची मुद्रा घालू लागले तर म्हणाला, मी ख्रिस्ती आहे, मला शिपाईगिरी करता येणार नाही. त्याची मान कापली. तुम्ही तिथंच थांबलात आणि दिवा मालवलात.

ती गोष्ट मी पुढे वाचली, बाबा. अधिकारी त्याला म्हणतो, बादशहांच्या खास पथकात ख्रिस्ती शिपाई आहेतच की. त्यावर हा त्यांना दोष देत नाही. त्यांना काय योग्य ते त्यांना ठाऊक, मी ख्रिस्ती आहे, मला वाईट करता येत नाही, एवढंच बोलतो. ते कोण होते, रात्री प्रार्थनेला बसताना त्यांना काय वाटत असेल, ते कुणीच लिहून ठेवलं नाही. मला सारखे तेच आठवतात.

आजोबांनी धमतरीला कंपाउंडरकीबरोबर मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती लोकांकडून जे घेतलं, ते मी हलकं समजत नाही. तरवार न धरण्यापायी त्या लोकांनी चारशे-पाचशे वर्षं घरंदारं सोडली, जीव दिले. पण त्यांच्याच 1527 च्या श्लाइटहाइमच्या विश्वासाच्या कबुलीत म्हटलंय की तरवार देवानेच नेमलेली आहे, दुष्टाला शिक्षा आणि भल्याचं रक्षण व्हावं म्हणून, फक्त ती ख्रिस्ताच्या पूर्णतेच्या बाहेर आहे. म्हणजे कुणीतरी धरायची, आपण नाही. इथं माझं अडतं, बाबा.

कारण काकूच्या वेळी आपण गेलोच ना ठाण्यात? बाकावर मी तुमच्या शेजारी होते. बाईची अशी तक्रार बाईनेच लिहून घ्यायची, 2013 पासून तसा कायदा आहे, आणि तिथं बाई नव्हती. "उद्या या." काकू दुसऱ्या दिवशी गेली नाही, पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तेव्हा म्हणालात, इथं एखादी देवभिरू बाई असती तर. तुम्ही विसरला असाल. मी नाही विसरले. ती बाई दुसऱ्या कुणाच्या घरातून यावी असं आपण धरून चाललो होतो. हे तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही, मीही तसंच धरून चालले होते.

लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येतात, त्यांत शिपाईही येतात. आपल्या मराठी शास्त्रात शब्दच शिपाई आहे, माझ्या नेमणुकीच्या कागदावर आहे तोच. आम्ही काय करावं, असं ते विचारतात. योहान सांगतो, जुलमाने पैसे काढू नका, कुभांड रचू नका, पगारात भागवा. दोन हजार वर्षांपूर्वीही शिपायांची ख्याती तीच होती म्हणायची! नोकरी सोडा, असं तो म्हणत नाही. तुम्ही म्हणाल, सोडा म्हटलं नाही म्हणजे धरा म्हटलं असं होत नाही. खरं आहे. कर्नेल्य शताधिपतीचंही तेच, बाप्तिस्म्यानंतर त्याने पलटणीचं काय केलं ते प्रेषितांची कृत्ये सांगत नाही. शास्त्र जिथं गप्प आहे तिथं मी उभी आहे, हे मला कळतं. म्हणून सत्तेच्या अधीन राहा सांगणारा रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय मी तुमच्यापुढे आपटत नाही, आपल्या मंडळीतले काही जण आपटतात तसा.

योहानाच्या तीन गोष्टी मात्र पाळीन. मोहाच्या दारूची भट्टी फोडायला गेले तर त्या घरची कोंबडी उचलून आणणार नाही. आणि कोर्टात साक्षीला उभी राहिले तर शपथेऐवजी प्रतिज्ञेवर सांगता येतं, मी विचारून घेतलंय. शपथ तुम्हाला बोचली असती.

पहिल्यांदा रायफल हातात दिली तेव्हा हात कापत होते. उस्तादांना कळलं नाही. तुम्हाला सांगते.

कोठीखाली मण्यार निघाली होती, आठवतं? मी पाळण्यातल्या छोट्याला धरून खाटेवर उभी होते. तुम्ही म्हणत होता मारू नका, जाईल ती. आईने काठी घेतली. नंतर तुम्ही अंगणात बराच वेळ एकटे बसलात, मग आत येऊन मला मांडीवर घेतलंत आणि नारायण वामन टिळकांचं भजन म्हणत थोपटत राहिलात. पण काठी पडत होती तेव्हा कंदील तुम्हीच धरला होता, बाबा.

बरं, आता ऐका. साखरेची गोळी जेवणाआधीची आधी आणि नंतरची नंतर. दोन्ही एकदम गिळून "घेतली" म्हणायचं नाही. आशाताईकडून दर पंधरा दिवसांनी साखर तपासून घ्या आणि आकडा मला फोनवर सांगा. आईला नाही, मला. रोवणीला बांधीत अनवाणी उतरायचं नाही, मागच्या वर्षीची जखम किती दिवस चिघळली ते आठवा. आई, तू गुडघे घेऊन विहिरीवर जाऊ नको, नळ येईपर्यंत थांब. पगार सुरू झाला की पैसे खात्यात येतील, त्यातून आधी स्वयंपाकघरावरचे पत्रे बदला. मंडळीच्या वर्गणीत टाकू नका लगेच. बरं, थोडे टाका.

सुट्टीत येईन तेव्हा वर्दी घालून देवळात येणार नाही. प्रार्थनेत माझं नाव घ्यायला जड जात असेल तर सगळ्या पोरांबरोबर घ्या, वेगळं नको.

तुमची,
चिमी

ता.क. आई, पेटीची कडी दहा वर्षं किरकिरत होती. इथं आले तर आवाज न होता उघडली. कुणीतरी तेल घातलंय. तू तर कधी घालत नाहीस.