मातीच्या छपराखाली

बार्शी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बोलता बोलता थांबलीस, ते माझ्या लक्षात आलं. तिकडे अमेरिकेत, नेब्रास्कातल्या ओ'नील गावच्या दवाखान्यातली तुझी नेमाची तीन वर्षं दिवाळीच्या सुमारास भरतात आणि पुढेही तिथेच राहावं असं तुझ्या मनात आहे. आई नको म्हणेल, म्हणून गप्प राहिलीस ना? मार्चमध्ये मीच रडले होते, "कुठल्या ओसाड माळावर येऊन पडलीस" म्हणून. ते शब्द मी मागे घेते.

का, ते सांगते. सेंट पॅट्रिकच्या, त्या आयरिश लोकांच्या सणाला चौकात रस्त्यावरचं ते भलं मोठं हिरवं शॅमरॉक, आयर्लंडचं तीन पानांचं चिन्ह, दाखवून तू मला ओ'नील गावाची गोष्ट सांगितलीस. मे 1874 मध्ये पहिली मंडळी आली, 13 पुरुष, 2 बायका आणि 5 मुलं. माझं मन त्या दोन बायकांपाशी अडकलंय. घर कसलं, तर नांगरानं गवतासकट माती कापायची, फावड्यानं तुकडे पाडायचे आणि गवताची बाजू खाली करून भिंत रचायची. वर फांद्या, गवत, पुन्हा माती. बाहेरचा पाऊस थांबला तरी असली छपरं आत गळतच राहायची.

अगं, मी माळवदाच्या घरात वाढले. आजी दर उन्हाळ्यात माळवदावर पांढरी माती टाकून धुमसून घ्यायची, तरी भाद्रपदात चुलीजवळ पातेली मांडावी लागायची. एक भरलं की दुसरं. रात्री तो टपटप आवाज ऐकत आम्ही झोपायचो. तिकडच्या त्या माळावर लाकूडफाटा कमी, म्हणून लोक वाळलेलं शेण आणि पिळलेलं गवत जाळायचे. चुलीत गोवरी सारणाऱ्या बाईला मी परकी कशी म्हणू?

आणि ही आयरिश माणसं दुष्काळातून निघालेली. 1845 पासून आयर्लंडात बटाटा शेतातच सडत गेला, सुमारे 10 लाख माणसं दगावली. ज्याच्या नावाचं हे गाव, तो जॉन ओ'नील 1848 साली पोरवयातच अमेरिकेत आला. मोठेपणी आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी कॅनडावर चालून गेला, हरला. मग शहरांत आणि खाणींत राबणाऱ्या आपल्या माणसांना सांगत फिरला की चला, जमीन धरा. पाच वर्षं राहून कसली की सरकार 160 एकर देत होतं. बहात्तरच्या दुष्काळात मी सात वर्षांची होते. आई खडी फोडायला जायची आणि आम्ही सुकडीच्या रांगेत उभे. त्यामुळे "जमीन मिळेल" हे शब्द त्यांच्या कानाला कसे लागले असतील, ते मला कळतं.

तरी ती पहिली मंडळी आली त्याच उन्हाळ्यात नेब्रास्कावर टोळधाड उतरली. ओ'नील तर 1878 साली गेलाच, पुरती चव्वेचाळीसही झाली नव्हती त्याला. गाव मात्र राहिलं.

एल्कहॉर्न नदीकाठी मी माती मुठीत घेतली होती, आठवतं? भुरभुरीत, वाळूसारखी. आपल्या काळ्या रानासारखी बोटांना चिकटत नाही. या मातीत मका कसा येतो, असं मी विचारलं, तर तुझ्या शेजारच्या आजी मला थेट गाडीत घालून शेतावर घेऊन गेल्या. तुझ्या आजारपणात घरी जेवणाचा डबा आणून देणाऱ्या त्याच ना?

तू राहा. ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी पाठवते आहे. आजींनाही दे, तिखट आहे म्हणून सांग. बाबा विचारतायत, तिकडचा मक्याचा पेरा आटोपला का, ते कळव.

तुझी,
आई