संख्याशास्त्राच्या मॅडमना एका शेतकरी गटाचे जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

जिंतूर तालुक्यातील आमच्या शेतकरी गटाच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. गटाच्या बैठकीत आम्ही आपले आभार मानले तेव्हा "एवढ्याशा गोष्टीचे कसले आभार" म्हणून आपण विषय टाळला. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण आपण जे शिकवले ते मराठवाड्यातील कोणत्याही गटाला, कृषी सहायकाला किंवा प्रकल्प लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला उपयोगी पडणारे आहे आणि त्यातला मोलाचा भाग आकडेमोड सुरू होण्याच्या आधीचा आहे.

आमचा प्रश्न साधा होता. रुंद वरंबा सरीवर, म्हणजे सगळे ज्याला बीबीएफ म्हणतात त्या पद्धतीने, पेरलेल्या सोयाबीनचा एकरी उतारा सपाट पेरणीपेक्षा जास्त येतो का? सरीतून जादा पाणी निघून जाते आणि पावसाचा खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते, हे कारण सर्वांना पटत होते. मात्र तालुक्यात एका बांधाला भारी काळी जमीन आणि पलीकडच्या बांधाला मुरमाड बरड अशी स्थिती असल्याने, एकाच्या रानातले दाखवून दुसऱ्याला पटवता येत नव्हते.

आपण पहिल्याच भेटीत विचारले होते, "तुमच्या हिशोबात एक म्हणजे काय?" काही सदस्यांचा बेत असा होता की, प्रत्येक रानातून वीस-वीस झाडे उपटून शेंगा मोजाव्यात, म्हणजे पाच रानांतूनच शंभर आकडे हाती येतील आणि शंभर आकड्यांवर कोणी शंका घेणार नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, पण एकाच पातेल्यातली वीस शिते चाखून वीस पातेल्यांचा भात कळत नाही, हे आपण तिथेच समजावले. एका रानातल्या झाडांची जमीन एक, बियाणे एक, पेरणीचा दिवस एक आणि फवारणारा हातही एकच. त्यामुळे ती झाडे एकमेकांसारखीच निघतात. संख्याशास्त्रातली चाचणी, म्हणजे दिसलेला फरक खरा की योगायोगाचा हे तपासणारा हिशोब, मात्र प्रत्येक आकडा स्वतंत्र आहे असे गृहीत धरते. अशा सारख्या झाडांना सुटे-सुटे मोजले तर आकड्यांतली चढउतार खोटीच कमी दिसते आणि किरकोळ फरकही लक्षणीय, म्हणजे योगायोग म्हणून सोडून देता न येणारा, ठरतो. म्हणून आमच्या वहीत एक म्हणजे एक शेतकऱ्याचे एक रान असे ठरले. शेंगा हव्या तेवढ्या मोजाव्यात, पण शेवटी त्या रानाच्या नावापुढे सरासरीचा एकच आकडा लिहावा.

दुसरी गोष्ट जोडीची. दहा जणांनी बीबीएफ करायचे आणि दुसऱ्या दहा जणांनी सपाट, असे करण्याऐवजी प्रत्येकाने आपल्याच रानाचे दोन भाग करून दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी ठेवाव्यात, असे आपण सुचवले. कोणाला एकरी चार क्विंटल होतात, कोणाला दहा; ही तफावत पद्धतीची नसून जमिनीची आणि पाण्याची असते. जोडी लावली की ती वजाबाकीतच निघून जाते. कोणत्या भागावर बीबीएफ करायचे हे मालकाने ठरवायचे नाही, हा नियम पचायला सर्वांत जड गेला. नव्या पद्धतीला विहिरीजवळचा, खोल मातीचा तुकडा द्यावा असे कोणालाही वाटणे स्वाभाविक आहे. आपण बांधावर उभे राहून प्रत्येक रानासाठी नाणे उडवलेत. आमच्यातले एक ज्येष्ठ सदस्य "रान माझं आणि ठरवणार नाणं?" म्हणून बराच वेळ कुरकुरत होते, तरी छापा पडल्यावर स्वतःच खुंटी ठोकून मोकळे झाले.

किती शेतकरी हवेत, याचे उत्तर आपण त्याच नाण्यावरून दिले. दोन्ही पद्धती सारख्याच असतील तर प्रत्येक रानात कोणती बाजू वरचढ ठरेल हे छापा-काट्यासारखेच असते. चारच जणांनी प्रयोग केला आणि चारही रानांत बीबीएफचा उतारा जास्त आला, तरी चौघांचाही कौल एकाच बाजूला पडण्याची शक्यता, मग ती बाजू कोणतीही असो, आठात एक, म्हणजे साडेबारा टक्के असते. पाच जण असले तर ती सव्वासहा टक्के होते आणि सहा झाले की सुमारे तीन टक्क्यांवर येते. योगायोगाची शक्यता पाच टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच फरक मानायचा, ही मर्यादा धरली तर नुसत्या कमी-जास्त मोजण्याच्या चाचणीत सहापेक्षा कमी रानांवर काहीच सिद्ध होऊ शकत नाही, मग फरक कितीही डोळ्यांत भरणारा असो. आमच्या भागात दोन-तीन रानांवरचे प्रयोग पाहून जे निष्कर्ष छातीठोकपणे सांगितले जातात, त्यांच्याकडे आता आम्ही वेगळ्या नजरेने पाहतो.

कोणाच्या रानात किती पिकले ही ज्याची त्याची खासगी बाब असल्याने आमचे आकडे इथे देत नाही. आपण फळ्यावर मांडलेले कल्पित उदाहरणच देतो. आठ रानांत बीबीएफचा उतारा वजा सपाट पेरणीचा उतारा, एकरी क्विंटलमध्ये, असा धरला: १, ०.५, १.५, ०, १, २, उणे ०.५ आणि ०.५. सरासरी फरक ०.७५ क्विंटल. या फरकांचे प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप, सुमारे ०.८० येते, त्याला आठाच्या वर्गमुळाने भागले की प्रमाण त्रुटी, म्हणजे ती सरासरी योगायोगाने किती हलू शकते याचे माप, ०.२८ मिळते, आणि सरासरी फरकाला या त्रुटीने भागले की टी-चाचणीचे मूल्य २.६५ येते. सात स्वातंत्र्य मात्रांसाठी (रानांच्या संख्येतून एक वजा) पाच टक्क्यांच्या मर्यादेचे तक्त्यातले मूल्य २.३६ आहे आणि २.६५ त्याहून मोठे, म्हणजे फरक लक्षणीय ठरतो. इथे टाळ्या वाजल्या होत्या. आपण मात्र खडू खाली न ठेवता पुढची ओळ लिहिलीत: खरा फरक ०.०८ ते १.४२ क्विंटल यांच्या दरम्यान असावा, असे ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते. खालचे टोक म्हणजे एकरी अवघे आठ किलो, ज्यातून यंत्राचे भाडेही निघणार नाही. वरचे टोक म्हणजे जवळपास दीड क्विंटल. फरक आहे की नाही याचे उत्तर चाचणी देते, पण तो परवडतो का हे त्या दोन टोकांकडे पाहून शेतकऱ्यानेच ठरवायचे असते.

ही टी-चाचणी शेतमालाच्याच हिशोबातून जन्मली, हे ऐकून गटाला विशेष आनंद झाला. विल्यम गॉसेट हे डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करत होते. तिथे जवासारख्या कच्च्या मालाचे थोडेच नमुने हाती असत आणि थोड्या आकड्यांवरून खात्रीने काही सांगण्याची रीत तोवर नव्हती. त्यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने ती प्रसिद्ध केली.

पी-मूल्याबाबत आपला कटाक्ष होता आणि तो इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. पी-मूल्य ०.०३ आले म्हणजे शून्य परिकल्पना, म्हणजे दोन पद्धतींत फरकच नाही हे गृहीतक, खरी असण्याची शक्यता तीन टक्के आहे, असा अर्थ लावू नये. दोन पद्धतींत काहीच फरक नसता तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता तीन टक्के होती, एवढेच त्यातून कळते. तसेच फरक लक्षणीय ठरला नाही म्हणजे दोन्ही पद्धती सारख्याच आहेत असे होत नाही. कित्येकदा राने कमी पडलेली असतात.

बीजप्रक्रिया (पेरणीपूर्वी बियाण्याला औषध लावणे) आणि दुबार पेरणी यांचा संबंध पाहताना सरासरी निघतच नाही, नुसती मोजदाद असते. तिथे आपण काय-वर्ग चाचणी वापरली, जी कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये मांडली. समजा, बीजप्रक्रिया केलेल्या पन्नास जणांपैकी दहा जणांना आणि न केलेल्या पन्नास जणांपैकी वीस जणांना दुबार पेरणी करावी लागली. संबंध नसता तर दोन्हीकडे पंधरा-पंधरा अपेक्षित होते. प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकड्यांतला फरक मोजणाऱ्या सूत्रातून ४.७६ येते, पाच टक्क्यांची मर्यादा ३.८४ ची, म्हणजे संबंध आहे. परंतु बीजप्रक्रिया करणाऱ्यांत विहीर आणि तुषार संच असलेले जास्त असतील तर? पेरणीनंतर पाऊस रुसला की ते पाणी देऊन उगवण वाचवतात, आणि श्रेय मात्र बीजप्रक्रियेला जाते. म्हणून बागायती आणि कोरडवाहू अशी दोन वेगळी कोष्टके करून पाहण्याचा आपला आग्रह होता. संबंध सापडल्यावर थांबायचे नाही, ही सवय आम्हाला तिथे लागली.

पाऊस आणि उतारा यांच्या सहसंबंधाबद्दल थोडक्यात लिहितो. पाऊस कमी पडला की सोयाबीन वाळते आणि काढणीच्या वेळी अतिवृष्टी झाली की शेंगेतच कोंब फुटतात, हे इथे लहान मुलालाही ठाऊक आहे. दोन्ही टोकांना उतारा घसरत असल्याने सहसंबंध गुणांक, म्हणजे दोन बाबी किती बरोबरीने बदलतात हे सांगणारा आकडा, शून्याजवळ येऊ शकतो, कारण तो केवळ सरळ रेषेतला संबंध मोजतो. म्हणून आधी आलेख काढावा, गुणांक नंतर.

वाण, पेरणीची तारीख, झाडांतील अंतर, खताची मात्रा अशा साऱ्याच बाबी एकमेकींशी ताडून पाहण्याचा उत्साह आपण वेळीच आवरला, त्यासाठीही मनापासून आभार. कशाचाच परिणाम नसताना वीस स्वतंत्र चाचण्या केल्या, तरी त्यांतली किमान एक पाच टक्क्यांच्या मर्यादेत "लक्षणीय" निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. त्यामुळे येत्या खरिपाचा मुख्य प्रश्न, त्यासाठी वापरायची चाचणी आणि रानांची संख्या हे तिन्ही आम्ही पेरणीपूर्वीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवणार आहोत.

ती वही मृगाच्या आधी तपासणीसाठी आपल्याकडे घेऊन येतो. मानधन आपण घेत नाही हे मान्य केले आहे. सोबत घरची तूरडाळ आणू, ती मात्र परत पाठवू नये, ही विनंती.

आपला नम्र,
सचिव, शेतकरी गट
तालुका जिंतूर, जिल्हा परभणी