कोयता निघण्याआधी गर्भाशयमुखाची तपासणी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या भूम, वाशी, कळंब भागातून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेल्या ऊसतोड टोळ्या साखर कारखान्यांकडे निघू लागतात. त्यांतल्या बायांबद्दल हे पत्र आहे. मी उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. नोकरीत सर्वांत जास्त ऐकलेली तक्रार म्हणजे अंगावरून पांढरं जाणं. कितीतरी जणी त्यापुढचं वाक्य कुठल्या ना कुठल्या खाजगी दवाखान्यातून ऐकून आलेल्या असत : "पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल, काढून टाका."

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या (गर्भाशयं) काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर बायांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्या वेळी मुकादम, खाडा (कामावर न गेल्याचा दंड), पाळीच्या दिवसांतले हाल, डॉक्टरांची कमाई या सगळ्यावर बोललं गेलं, आणि ते बोलणं योग्यच होतं. पण ज्या भीतीने बाई टेबलावर जाते, त्या कॅन्सरबद्दल फार कमी बोललं गेलं.

माझ्याकडे आलेल्या बायांच्या फायली मी वाचल्या आहेत. सोनोग्राफीचा कागद असतो, रक्ताचा असतो, बिल असतं. गर्भाशयमुख तपासल्याचा कागद सहसा नसतो. पांढरं जाणं बहुतेक वेळा जंतुसंसर्गाने होतं आणि औषधांनी बरं होतं. गर्भाशयमुखात कॅन्सरच्या आधी होणारे बदल सोनोग्राफीत दिसत नाहीत. मग त्या बाईला कॅन्सरची भीती कशाच्या आधारावर घातली? तिशी-पस्तिशीत पिशवी गेली, सोबत अंडाशयही गेली, तर हाडं ठिसूळ होतात, कंबर धरते, आणि त्याच कंबरेवर तिला मोळ्या उचलायच्या असतात.

एकीचं सांगते. तिची पिशवी काढली होती, पण गर्भाशयाचं तोंड तसंच ठेवलं होतं. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. उसाच्या फडात असताना नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त जाऊ लागलं. "माझी पिशवीच नाही, मला कसला कॅन्सर," म्हणून तिने पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, अंगावर काढलं. गावी परतल्यावर आम्ही तिला बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयात पाठवलं, तोवर आजार पसरलेला होता. पुढच्या हंगामाला ती नव्हती.

हा कॅन्सर एका रात्रीत होत नाही, हे मला प्रत्येक घरात जाऊन सांगावंसं वाटतं. त्याचं मूळ एचपीव्ही या विषाणूत आहे. शरीरसंबंधातून तो बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप निघूनही जातो. ज्यांच्यात ठाण मांडून बसतो, त्यांच्यातल्या काही जणींना पुढे कॅन्सर होतो, आणि त्याला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात. एवढ्या काळात एकदा जरी नीट तपासलं तरी बिघाड कॅन्सर होण्याआधी सापडू शकतो. तो भाग गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट करता येतो, बाई त्याच दिवशी घरी जाते. पिशवी जागेवरच राहते.

याचा भक्कम पुरावा आमच्याच जिल्ह्यातून जगाला मिळाला आहे. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायांचा अभ्यास झाला. ज्या गावांत एकदाच एचपीव्ही चाचणी केली, तिथे आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या मानाने जवळपास निम्मे झाले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची, म्हणजे व्हीआयए तपासणी स्वस्त आहे. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने ती दर दोन वर्षांनी केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण उस्मानाबादेत ती एकदाच केली, तर एचपीव्ही चाचणीसारखा फरक दिसला नाही. जी बाई वर्षातले सहा महिने गावाबाहेर असते, जिची पुन्हा गाठ पडेल याची खात्री नाही, तिला एकदाच होणारी पण भरवशाची चाचणी द्यायला हवी. आणि आपण काय दिलं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या, आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या बाया देशात १.९ टक्के होत्या. ज्या जिल्ह्याच्या बायांनी हा पुरावा दिला, तिथल्या ऊसतोड बाईपर्यंत ती चाचणी पोचू नये याचा मला मनापासून राग येतो.

हंगामाआधीची शिबिरं मी पाहिली आहेत. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, फोटो. पुरुष डॉक्टर असला की बाई आतून तपासू देत नाही, यात तिचा दोष नाही. एचपीव्ही चाचणीचा नमुना बाई पडद्याआड स्वतः घेऊ शकते आणि जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत मान्य केली आहे. आशाताईने एकदा समजावून सांगितलं की पुरतं. हे ऑगस्टमध्ये केलं तर निकाल यायला आणि दोष निघालेल्यांवर उपचार करायला सप्टेंबर हाती राहतो. टोळी निघाल्यावर निकाल आला तर त्याचा उपयोग नाही; खाडा सोसून दवाखान्यात जाणारी बाई मी फार क्वचित पाहिली.

मुलींच्या लसीचंही तसंच. या विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरना कारण असतात आणि लस त्यांना अडवते. तिचा एक डोसही दीर्घकाळ संरक्षण देतो हे दाखवणारा मोठा अभ्यास भारतातलाच आहे आणि बार्शीचं रुग्णालय त्याचं एक केंद्र होतं. (पुण्यात तयार झालेली लसही बाजारात आहे, कोणत्या लसीचे किती डोस घ्यायचे ते डॉक्टरांनाच विचारावं.) मात्र शाळेत लस टोचायला येतील त्या दिवशी ऊसतोड्याची पोर फडात धाकट्या भावंडाला सांभाळत असेल. चौदाव्या-पंधराव्या वर्षी तिचं लग्न होतं, कारण नवरा-बायकोची जोडी झाल्याशिवाय एक कोयता (ऊसतोडीचं एकक) धरत नाहीत. म्हणून तिला नवव्या-दहाव्या वर्षीच, टोळी गावात असताना किंवा हंगामी वसतिगृहात गाठलं पाहिजे. आईबापांना त्यांच्या बोलीत सांगून, त्यांच्या शंका ऐकून मगच संमती घ्यावी. २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातमध्ये संमतीतच ढिलाई झाली आणि लस पुढे कित्येक वर्षं संशयात सापडली. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी सुटत नाही, हेही तेव्हाच सांगावं.

कुणाला कुठे पाठवायचं हे ठरवायला वेगळं सर्वेक्षण नको. कोणत्या गावातून किती कोयते, कोणत्या बाया, कोणत्या कारखान्याला जाणार, याची यादी उचल देतानाच मुकादम आणि कारखान्याकडे तयार असते. ती जुलैअखेर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आलीच पाहिजे, असा आदेश जिल्हाधिकारी आणि साखर आयुक्तांनी यंदा काढावा.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, भूम (जि. धाराशिव)