घोडी बुजते तेव्हा सायकलने थांबावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरातल्या दाभ्यामागच्या कच्च्या वाटेवर घोडे बंद करावेत, असे एका सायकलस्वाराचे पत्र आपण छापले होते. त्यावर घोडेवाल्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच दुसरे टोक गाठले: सायकलीच बंद करा. मी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो आणि आता हौसेने एक काठेवाडी घोडी सांभाळतो. माझी मुलगी याच वाटेवर गिअरची सायकल हाणते. त्यामुळे दोन्हीकडची कुरकुर मला घरच्या घरीच ऐकायला मिळते. बंदी कोणावरच नको. सायकलवाल्याने वेग कमी करावा, लागलेच तर थांबावे आणि तोंडाने बोलावे, एवढेच माझे मागणे आहे.

‘घंटी वाजवली तरी घोडा बिथरला’ ही पत्रलेखकाची मुख्य तक्रार. अहो, घंटी वाजवली म्हणूनच बिथरला! घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला सुमारे ३५० अंशांतले दिसते. पण शेपटीच्या थेट मागे आणि नाकाच्या अगदी पुढ्यात काहीच दिसत नाही. सायकल नेमकी त्याच मागच्या पट्ट्यातून येते, तीही बिनआवाजाची. मोटारसायकल निदान लांबून ऐकू तरी येते. इथे एकदम कानाशी टिंग, नाहीतर डिस्क ब्रेकची किंकाळी, नाहीतर पेडल थांबवल्यावर मागच्या चाकाची ती करकर. घोडा ही वाघा-लांडग्यांनी पिढ्यान् पिढ्या मारून खाल्लेली जात आहे. ती आधी पळते, मग काय होते ते बघते. त्यात मागे कोणी अगदी चिकटून आलेले असेल, तर दुगाणीही बसू शकते.

घोडी बुजण्याआधी सांगते, हे सायकलवाल्यांना माहीत नसते. आमच्या घोडीचा आधी एक कान मागे फिरतो. मग खोगिराखाली पाठ ताठ होते, पावले आखूड पडू लागतात, नाकातून एक जोराची फुर्र येते. एवढ्या अवधीत मागून कोणी म्हणाले, ‘काका, सायकल आहे, उजवीकडून काढू का?’ की कान परत जागेवर येतात. माणसाचा आवाज तिच्या ओळखीचा आहे. हेल्मेट, काळा गॉगल, तोंडाला फडके आणि हँडलवर ओणवे झालेले ते ध्यान माणसाचे आहे, हे मात्र ते बोलल्याशिवाय तिला कळायचे कसे? फेरीची वेळ मोजणाऱ्या अ‍ॅपवर चार सेकंद वाचवण्याच्या नादात ‘ओ, साईड!’ एवढेच ओरडून निघून जाणाऱ्यांना माझा राम राम.

उतारावर समोरासमोर आलात, तर सायकलवरून उतरून वाटेच्या खालच्या अंगाला उभे राहावे. वरच्या अंगाला दबून उभी असलेली आकृती घोड्याला झडप घालणाऱ्या जनावरासारखी वाटते. शिवाय बुजलेला घोडा चढाकडे सरकला तर सावरतो; उताराकडे सरकला, तर मुरमावरून स्वारासकट घसरतो.

हे माझ्या मनचे कायदे नाहीत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १३२ सांगते की, वाहनाने जनावर भेदरेल असे वाटून त्याच्या सांभाळणाऱ्याने थांबायला सांगितले, तर चालकाने थांबलेच पाहिजे. त्या कलमातल्या जनावरांच्या यादीत घोडा आहे, तसेच हत्ती, उंट आणि गाढवही आहेत. सायकल मोटार वाहनात मोडत नाही, म्हणून ती कायद्यातून सुटते. पण घोड्याला तुमचे वाहन पेट्रोलवर चालते की पायावर, याच्याशी काय देणेघेणे? ब्रिटनने १९६८ मध्ये घोडेस्वारांच्या वाटा सायकलींना खुल्या केल्या, त्या याच अटीवर: पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची.

आता आमच्या लोकांविषयी. नवखा घोडा रविवारी सकाळी सायकलींच्या गर्दीत आणायचा नसतो. आधी अंगणात त्याच्यासमोर सायकल उभी करा, हुंगू द्या, मग कोणाला तरी ती हळूहळू त्याच्याभोवती फिरवायला लावा. लाथाडणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे; आपल्याकडच्या हौशी मंडळींना ती बांधायला लाज का वाटते, कळत नाही. आंधळ्या वळणावर घोडा भरधाव फेकू नये, साध्या चालीवर आणावा. आणि लीद वाटेच्या मधोमध पडली, तर उतरून बाजूला सारायला हरकत नाही.

पावसाळ्यात मात्र दोघांनीही काही दिवस घरी बसावे. आपल्याकडची काळी माती भिजली की टापांचे खड्डे आणि टायरच्या चाकोऱ्या पडतात, त्या वाळल्यावर दगडासारख्या होतात. त्यात घोड्याचा पाय मुरगळतो आणि सायकलवालाही तोंडावर आपटतो.

ही जागा ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांनी वाटेच्या दोन्ही तोंडांना एकेक फलक लावावा. मजकूर तीन ओळींचा पुरे: घोडा दिसला की वेग कमी करा, मागून आवाज द्या, स्वार ‘या’ म्हणाला की मगच पुढे काढा. रंगाचा आणि पत्र्याचा खर्च आम्ही घोडेवाले आणि मुलीचा सायकल ग्रुप मिळून करू. परवानगी तेवढी पावसाआधी मिळावी.

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी,
दाभा, नागपूर