तलावाचा उथळ काठ म्हणजे पडीक जागा नव्हे

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. गावाला लागूनच मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी (मालगुजार म्हणजे सारा वसूल करणारे जमीनदार), जुन्या काळी कोहळी लोकांनी बांधलेला, 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली अन् तलाव सरकारजमा झाला. आता गाव वाढलं, लेआऊट पडले, आणि उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की उघड्या काठावर रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मलबा टाकून राहिल्या. त्यात सुशोभीकरणाची चर्चा सुरू आहे, चौफेर सिमेंटची भिंत, पेव्हर ब्लॉक, लायटिंग.

फिरायला जागा नको असं मी म्हणत नाही. म्हाताऱ्या माणसांना अन् पोट्ट्यांना गावात दुसरी मोकळी जागा राहिलीच कुठं? पण पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, आंब्याची सावली आहेच, तिथली मातीची वाट नीट करा, चार बाक टाका, झालं. समोरचा उथळ काठ तेवढा सोडा.

मागच्या भादव्यात मी पाळीवर बसलो होतो, तर कमळाच्या पानांवरून कमळपक्षी चालून राहिला होता अन् मागं तीन पिल्लं, लांबलांब बोटांची, पान जरासंही दबत नव्हतं. या पाखराचं घरटं तरंगत्या पानांवरच असते, अंडी बाप उबवतो. काठ खोदून भिंत उभी केली की देवधान (पाण्यात आपोआप उगवणारं रानटी धान) गेलं, कमळ गेलं, मग ते राहील कुठं? आमचे धीवर भाऊ पण तेच सांगतात, बारीक मासळी उथळ गवताळ पाण्यातच वाढते.

कायद्याचं म्हणाल तर 2017 च्या पाणथळ नियमांत खास सिंचनासाठी बांधलेले तलाव धरतच नाहीत, म्हणून आमच्या तलावाला ते पांघरूण मिळणं कठीण, हे मला फार खटकते. पण 2011 मध्ये जगपाल सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टानं पटियालाकडच्या एका गावचं तळं बुजवून बांधलेली घरं हटवायला लावली, आणि गावाच्या सामायिक जागांवरची अतिक्रमणं काढायची योजना करा असं सगळ्या राज्यांना सांगितलं. मग आमच्या इथं साधी मोजणी का होत नाही?

पावसाळ्यात पाणी कुठवर चढते ते गावातलं लहान लेकरूही दाखवेल. तिथवर मोजणी करून हद्दीचे दगड रोवा आणि ट्रॉल्या बंद करा, येत्या उन्हाळ्याच्या आधी.

आपला एक वाचक,
जि. भंडारा