लोर्का आणि दालीचा चित्रपट बघण्याआधी

ति. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

'लिटल अ‍ॅशेस' बघायचा म्हणता आहात, तर तो लावण्याआधी थोडी तयारी करा. चित्रपट 2008 सालचा, पावणेदोन तासांहून थोडा मोठा. कवी फेदेरिको गार्सिया लोर्का आणि चित्रकार साल्वादोर दाली यांच्या मैत्रीचा, खरं तर मैत्रीच्या पुढे गेलेल्या ओढीचा. आई, 'रुक्मावती की हवेली' आठवते ना? गोविंद निहलानींनी तो ज्या नाटकावरून केला, ते याच लोर्काचं.

आधी एक चित्र बघून घ्या. चित्रपटाचं नाव त्यावरूनच आलं आहे. दालीने 1927-28 मध्ये काढलेलं 'सेनिसितास', म्हणजे बारीकशी राख. जेमतेम 64 बाय 48 सेंटिमीटरचं आहे, माद्रिदच्या रेना सोफिया संग्रहालयात. फोनवर मोठं करून खालच्या भागात शोधा: डोळे मिटून आडवं पडलेलं एक डोकं दिसेल. ते लोर्काचं मानतात.

भाषेची अडचण येईल. पात्रं स्पॅनिश ढबीचं इंग्रजी बोलतात, म्हणून इंग्रजी सबटायटल्स सुरू ठेवा. लोर्का कविता म्हणतो तेव्हा त्याच्या स्पॅनिशवर इंग्रजी आवाज चढतो आणि धड दोन्ही ऐकू येत नाही. बाबा, आवाज वाढवून उपयोग होणार नाही. तिथे थांबवायचं, ओळी वाचायच्या, मग मागे जाऊन नुसता स्पॅनिशचा नाद ऐकायचा.

सालांचाही गोंधळ होतो, कारण तेरा-चौदा वर्षं एकातून एक सरकत जातात. एका कागदावर एवढं लिहून जवळ ठेवा. 1922: दाली माद्रिदच्या 'रेसिदेन्सिया' या विद्यार्थी वसतिगृहात येतो, वय 18. लोर्का आधीपासून तिथे आहे, सहा वर्षांनी मोठा. पुढे चित्रपट-दिग्दर्शक झालेला लुईस बुन्युएलही तिथलाच. 1925: लोर्का दालीच्या घरी, समुद्रकाठच्या कादाकेसला जातो. 1929: दाली आणि बुन्युएल मिळून 'अंदालुसियाचा कुत्रा' हा छोटा चित्रपट काढतात. लोर्का दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाचा, त्यामुळे तो टोमणा आपल्यालाच आहे असं त्याने मनाला लावून घेतलं. 1936: स्पेनमधलं यादवी युद्ध. माग्दालेना ही मुलगी मात्र कागदावर शोधू नका, ते पात्र रचलेलं आहे.

माझी या चित्रपटाबद्दल एकच तक्रार आहे, आणि ती मोठी आहे. त्याचं सगळं लक्ष दोघांच्या ओढीवर. पण ही दोस्ती कामावर पोसलेली होती. 1926 मध्ये लोर्काने दालीवर दीर्घ 'ओड', म्हणजे गौरवपर कविता, छापली. तिच्यात तो म्हणतो, तुझ्या अजून कच्च्या कुंचल्याची स्तुती मी करत नाही, तुझ्या ध्यासाची करतो. प्रेमात पडलेला माणूस इतकं नेमकं बोलतो, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढच्याच वर्षी बार्सिलोनात लोर्काचं 'मारियाना पिनेदा' रंगमंचावर आलं, त्याचं नेपथ्य दालीचं. त्याच दिवसांत तिथल्या दालमाउ गॅलरीत लोर्काची 24 रेखाटनं लागली. दालीने 'संत सेबास्टियन' हा लेख लिहून लोर्काला अर्पण केला. कवी चित्रं काढतोय, चित्रकार लिहितोय! दालीने लोर्काला लिहिलेली बरीच पत्रं आज वाचायला मिळतात. लोर्काची बहुतेक हरवली. म्हणून यांच्या नात्याची एकच बाजू नीट ऐकू येते, आणि पुढे दालीने मुलाखतींतून सांगितलेल्या गोष्टींवर जास्त भिस्त ठेवावी लागते. चित्रपटानेही तेच केलंय. शारीरिक प्रसंग त्या आधारावर उभे आहेत. ते पुरावा म्हणून बघू नका.

असे प्रसंग दोन-तीन आहेत. एक रात्रीच्या समुद्रातला, फार हळुवार. एक माग्दालेनाच्या खोलीतला, तो जड जातो. आई, तो पुढे ढकललास तरी कथा तुटत नाही. पण समुद्राचा ढकलू नकोस.

शेवटाबद्दल आधीच सांगून ठेवते. ऑगस्ट 1936 मध्ये ग्रानादाजवळ लोर्काला गोळ्या घालून मारलं, तेव्हा तो 38 वर्षांचा होता. 'रुक्मावती'चं मूळ नाटक त्याने दोनच महिने आधी पुरं केलं होतं. त्याचा देह अजून सापडलेला नाही. चित्रपटात ती हत्या दाखवली आहे. बाबा, तुम्हाला आधीच झोप लागत नाही, तेव्हा चित्रपट दोन दिवसांत वाटून घ्या आणि दुसरा भाग दुपारी चहाच्या आधी बघा.

तुमची,
मनू